पुस्तक लिहायला कोच लावावा का? ८५ हजार सांगतायत

द्राक्षवाला_निफाड

नमस्कार मंडळी. मी मूळचा निफाड तालुक्यातला, राहायला आता नाशिकला, म्हसरूळला. गेली १७ वर्षं द्राक्षबागांना सल्ला देतो, नोकरी नाही, स्वतःचंच, म्हणजे सकाळी साडेसहाला गाडी काढायची, दिवसात चार-पाच प्लॉट फिरायचे, एकरी फी, छाटणी ते काढणी. आधी एका औषध कंपनीत होतो ते सोडलं. मला एक खोड आहे, प्रत्येक प्लॉटचं डायरीत लिहून ठेवायची, छाटणी कधी, डोळे कधी फुटले, पाऊस किती, काय मारलं, घड किती निघाले. अशा २३ डायऱ्या झाल्यात. बायको म्हणते एकतर रद्दीत घाला नाहीतर पुस्तक तरी करा.

तर मागच्या आठवड्यात कॉलेज रोडला एका हॉटेलात फ्री सेमिनार होता, "९० दिवसांत लेखक, लेखकातून उद्योजक" वगैरे. गेलो. चहा-समोसा चांगला होता. शेवटी लाईट मंद केले, आईवडिलांना आठवायला लावलं, अर्धा हॉल रडायला लागला (मी पण, खोटं कशाला बोलू) आणि डोळे पुसतो न पुसतो तोच ऑफर आली की मूळ फी दीड लाख, आज रात्री बारापर्यंत ८५ हजार, जीएसटी वेगळा, ईएमआय पण आहे. त्यात ग्रुप झूम, टेम्पलेट, कव्हर, आयएसबीएन, कॉपीराइट, "बेस्टसेलर गॅरंटी" आणि धंदा वाढवायचं मेंटरिंग. लाजेखातर ५ हजार टोकन देऊन आलो. आता रोज एक मॅडम फोन करते, सर सीट होल्ड केलीय.

विचारायचं असं की एवढे पैसे घालण्यासारखं असतं का हे? लेखकाला खरंच कोच लागतो का? आणि मनातली खरी भीती, सगळं पुस्तकात लिहून टाकलं तर शेतकरी पुस्तक घेतील आणि मला कशाला बोलावतील?

---

फर्मा_सोळा

दादा आधी त्या ८५ हजारातला माल वेगवेगळा करून बघा. मी डीटीपी आणि छपाईत २२ वर्षं आहे, शालिमारला एका गाळ्यात सुरुवात केली, त्यामुळं भावनिक न होता सांगतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, भारतात फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते, ऑनलाइन अर्ज, स्वतः लेखकाला पण मिळतो, एक रुपया लागत नाही. कॉपीराइट तुम्ही ओळ लिहिली तेव्हाच तुमचा झाला, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, करायचंच असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे. आणि ही दोन्ही नावं पॅकेजमध्ये अशी लिहितात जणू काय सोन्याच्या बिस्किटावर शिक्का मारून देणारेत.

बेस्टसेलरचं पण सांगतो, माझ्या डोळ्यादेखत झालंय. ॲमेझॉनवर रँक कॅटेगरीप्रमाणं असते आणि दर थोड्या वेळानं बदलते. अगदी कोपऱ्यातली कॅटेगरी निवडायची, ईबुकची किंमत पाडायची, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या तीस-चाळीस लोकांना एकाच दुपारी घ्यायला लावायचं, संध्याकाळी नंबर एक, स्क्रीनशॉट, फ्लेक्स. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुस्तक कुठं गेलं कुणी बघत नाही. ही गॅरंटी ते नक्की पाळतील, त्यात फसवणूक नाही, फक्त त्याचा उपयोग नाही.

आता छपाई. डेमी साइज, १६० पानं म्हणजे १० फर्मे (सोळा पानांचा एक), सत्तर जीएसएम नॅचरल शेड कागद, डिजिटल, ३०० प्रती, माझ्याकडं एक प्रत शंभरच्या आसपास पडते. रंगीत फोटो टाकायचे म्हणाल (आणि भुरी-केवडा या रोगांचे टाकावेच लागतील, काळ्यापांढऱ्यात सगळं सारखंच दिसतं) तर एक फर्मा आर्ट पेपरवर वेगळा घ्या, सगळं पुस्तक रंगीत करायला जाऊ नका.

एक गोष्ट कोणताच कोच सांगत नाही ती लिहून ठेवा. टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. आमच्या लाईनीत अजून श्रीलिपी चालते, जुन्या पद्धतीचे फॉन्ट, छापायला छान दिसते, पण तीच फाइल उद्या किंडलला टाकायला गेलात की अक्षरांची भेळ होते, मग सगळं कन्व्हर्ट करून परत प्रूफ वाचायचं, जोडाक्षरं आणि रफार हमखास तुटतात. किंडल मराठी ईबुक घेतं, त्यामुळं हे आधीच ठरवा. आणि काम संपल्यावर पीडीएफबरोबर ओपन फाइल, म्हणजे बदल करता येतो ती मूळ फाइल, पण मागून घ्या. एकदा एका गिऱ्हाईकाला दुसऱ्या आवृत्तीत फक्त मोबाईल नंबर बदलायचा होता, आधीच्या माणसाकडं ओपन फाइल अडकलेली, अख्खं पुस्तक परत टाइप केलं.

पुस्तक निघालं की एक प्रत कलकत्त्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि एकेक आणखी तीन ठरलेल्या लायब्रऱ्यांना पाठवायची असते, १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाचं काम, स्वतःच छापलं तर प्रकाशक तुम्हीच. बरेच जण विसरतात.

---

गोदाकाठची

भाऊ मी या वाटेनं जाऊन आलेली आहे म्हणून लिहिते, नाव कुणाचंच घेणार नाही.

माझा इंदिरानगरला शिवणक्लास आहे, ब्लाउज कटिंग शिकवते, १२ वर्षं झाली. असंच एक पॅकेज घेतलं होतं, तेव्हा ५५ हजार. झूमवर आम्ही साठजण. मोठे सर पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी, मधले सगळे दिवस त्यांची एक असिस्टंट, जिनं स्वतः पुस्तक लिहिलेलं नव्हतं. टेम्पलेट होतं, पहिला भाग माझा संघर्ष, दुसरा माझं वळण, तिसरा यशाची ७ सूत्रं. म्हणजे बघा, माझ्याकडं सांगायला होतं की चाळिशीनंतर बाईचा खांदा पुढं झुकतो म्हणून मागचा गळा उचलतो आणि तो कुठं दाबायचा, हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही. ते म्हणाले टेक्निकल नको, इन्स्पिरेशनल लिहा. मी आपली लिहिली ७ सूत्रं. सूत्र चौथं, वेळेचं नियोजन! मला स्वतःला हसू येतं आता.

पुस्तक आलं हातात, ९६ पानी, कव्हरवर माझा फोटो, कुठंतरी लांब बघतेय. फार आनंद झाला. मग पाच-सहा दिवसांनी माझ्या मुलीनं वाचायला घेतलं आणि म्हणाली, आई हा परिच्छेद दोनदा आलाय. पान ४१ वर आणि पान ५८ वर, शब्दाला शब्द तोच. माझ्याकडून कॉपीपेस्ट करताना झालेलं. तेव्हा कळलं की ते पुस्तक छापून येईपर्यंत माझ्याशिवाय एकाही माणसानं वाचलेलं नव्हतं. ५५ हजारात एक वाचक मिळाला नाही मला.

२०० प्रती होत्या, १४० अजून पलंगाखाली. पाहुण्यांना सत्काराला शालीबरोबर देतो.

पैशांचं विचाराल तर करारात लिहिलेलं वन-टू-वन सेशन झालंच नव्हतं, त्या मुद्द्यावर मी आधी १९१५ नंबरला तक्रार टाकली, ग्राहक हेल्पलाईन, मग साधी लेखी नोटीस पाठवली की जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखापर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही. आयोगापर्यंत जायची वेळच आली नाही, निम्मे परत आले. निम्मे गेले ते गेले.

---

रात्रपाळी

सगळेच कोच वाईट असं नाही हं. मी अंबडला शिफ्टमध्ये होतो, आता स्वतःचं टूलरूम टाकलंय छोटं. मला लिहायचं होतं पण घरी बसलं की झोप यायची. गंगापूर रोडला एक निवृत्त मास्तर आहेत, रविवारी सकाळी चारच जण घेतात, तीन महिन्याचे ६ हजार. नियम एकच, चार पानं लिहून आणायची आणि मोठ्यानं वाचायची. पानं आणली नाहीत तर आत घेतात पण चहा देत नाहीत. मी दोनदा बिनचहाचा बसलो. तिसऱ्यांदा शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत जागून लिहिलं. पैसे भरले म्हणून लिहिलं हे मी मान्य करतो, फुकट असतं तर गेलोच नसतो. त्यामुळं "कोच लागतो का" याला माझं उत्तर हो, पण साठ लोकांचा झूम म्हणजे कोच नाही, ती सभा.

---

अर्धविराम

आधीच सांगते, मी स्वतः संपादन करते आणि लेखकांना कोचिंग पण देते, पोट त्याच्यावर आहे, त्यामुळं माझं बोलणं थोडं सावधपणे वाचा.

द्राक्षवाला दादा, तुम्हाला एका पिशवीत तीन-चार वेगळी कामं विकली जातायत. लेखन-कोच तुम्हाला लिहितं ठेवतो, काय लिहायचं ते तुमच्याकडून काढून घेतो. संपादक लिहिलेल्या मजकुरावर बसतो. घोस्टरायटर तुमच्याऐवजी लिहितो. आणि बिझनेस कोच तुमचा दर, वेळ, गिऱ्हाईक यावर बोलतो. एकच माणूस चारही करतो असं म्हणाला तर मी तरी पाकीट आत ठेवीन.

कोच व्हायला आपल्याकडं लायसन्स वगैरे काही लागत नाही, उद्या सकाळी तुम्ही पण कोच. आयसीएफ म्हणून कोच लोकांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे १९९५ पासूनची, तिच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाच ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं. ते असलं म्हणजे लिहायला शिकवता येतं असं मुळीच नाही. पण नुसतं "सर्टिफाइड" लिहिलं असेल तर कुणाकडून ते विचारायला काय जातं.

मी असते तर त्यांना तीन गोष्टी विचारल्या असत्या. माझी पानं कोण वाचणार, त्या माणसाचं नाव सांगा. तुमच्याकडून पुस्तक करून गेलेल्या, स्टेजवर नव्हत्या अशा दोघांचे नंबर द्या. आणि माझं एक पान आत्ता वाचून काय वाटतं सांगा. तिसऱ्याला नव्वद टक्के लोक विषय बदलतात.

आणि अहो, आता सप्टेंबर चालूय. ९० दिवस म्हणजे तुमची अख्खी गोडी छाटणी (फळासाठीची), डोळे फुटणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, सगळं त्यात. तुम्ही झूमला बसणार कधी?

एक काम करा, इथंच एक परिच्छेद टाका जो पुस्तकात घालायचा विचार आहे. बघू.

---

द्राक्षवाला_निफाड

ताई हा ९० दिवसांचा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता, बरोब्बर हंगामात येतंय. दिवाळीपर्यंत मला मरायला वेळ नसतो.

परिच्छेद टाकतो, हसू नका:

"द्राक्ष पिकामध्ये घडनिर्मिती ही अत्यंत महत्त्वाची बाब असून खरड छाटणीनंतर योग्य कालावधीमध्ये सूर्यप्रकाश, पाणी व अन्नद्रव्ये यांचे योग्य व्यवस्थापन करणे गरजेचे असते. तसे न केल्यास घड जिरण्याची समस्या उद्भवते व शेतकऱ्याचे आर्थिक नुकसान होते."

---

अर्धविराम

हसले नाही. पण हे तुम्ही लिहिलेलं नाही, औषधाच्या डब्याबरोबर जे माहितीपत्रक येतं त्यानं लिहिलंय. दोन ओळींत दोनदा "योग्य", आणि योग्य म्हणजे किती ते एकदाही नाही. "समस्या उद्भवते", कुणाच्या बागेत? तुम्ही मळ्यात असं बोलता का? "बाबा, समस्या उद्भवली आहे"?

डायरी उघडा. घड जिरलेला एक प्लॉट शोधा. त्या दिवशी काय झालं ते मला फोनवर सांगता तसं लिहा.

---

द्राक्षवाला_निफाड

ओके. ही पाचवी डायरी. सांगतो.

त्या वर्षी छाटणी करून सतरा दिवस झाले होते, घड मोजायला गेलो, म्हातारे बाबा बांधावर उभे. मी एक वेल बघितली, दुसरी बघितली, पाचवीला हात थांबला. घड नव्हतेच, नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे तणावे. घडाच्या जागी बाळी वळवळतेय. बाबांनी विचारलं कोणतं औषध मारू. मी म्हटलं बाबा आता औषध नाही, हे मे महिन्यातच ठरलं. खरड छाटणी, म्हणजे वर्षातली पहिली, एप्रिलात झाली की पुढं चाळीस ते साठ दिवसांत डोळ्याच्या आत ठरतं की इथं घड येणार का बाळी, आणि त्या दिवसांत काडीला ऊन मिळावंच लागतं. त्यांनी युरिया आणि पाणी दाबून दिलं होतं, बाग हिरवीगार, आत अंधार. मी मे महिन्यात दोनदा येऊन गेलो होतो त्या बागेत आणि म्हटलं होतं बाबा बाग काय झ्याक दिसतेय. काड्यांची विरळणी करा म्हणून सांगितलंच नाही. चूक माझी होती. त्या वर्षीची फी मी घेतली नाही.

---

अर्धविराम

दादा. "पाचवीला हात थांबला." ही तुमची सुरुवात, माझं काम संपलं.

त्या माहितीपत्रकातली सगळी माहिती यात आलीय, उलट आकड्यांसकट जास्त आलीय, आणि वाचणारा शेतकरी मे महिन्यात बागेत वाकून बघणार आत अंधार आहे का म्हणून. एक सुधारणा, "त्या वर्षीची फी मी घेतली नाही" हे काढा किंवा पुढं कुठंतरी न्या. "चूक माझी होती" नंतर ते लगेच आलं की थोडं स्वतःची पाठ थोपटल्यासारखं होतं. आणि बाबांचं पुढं काय झालं? ते सांगितलंच नाहीत.

आता बघा, हे इथं फुकटात एका दुपारी झालं. याचेच पैसे द्यायचे असतात, कुणी तरी वाचून "कुणाच्या बागेत?" असं विचारायचे. चाळीस-पन्नास असे तुकडे झाले की पुस्तक.

---

बागायतदार_पिंपळगाव

लॉगिन फक्त यासाठी केलं. सल्लागार साहेब, पुस्तक वाचून बाग आली असती तर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राची सगळी पत्रकं माझ्या कपाटात आहेत, मी आत्तापर्यंत लंडनला माल पाठवून बंगला बांधला असता. भुरी फोटोत दिसते तशी पानावर दिसत नाही, माणूस आणून दाखवावी लागते, त्यात आभाळ आलं की रात्री अकराला फोन करायला कुणीतरी लागतं. पुस्तक उचलतं का फोन? उलट तुमची ती बाबांची गोष्ट वाचून मलाच वाटलं, चूक कबूल करणारा सल्लागार आहे कुठं, नंबर मिळेल का. बिनधास्त लिहा. आणि एकरी फी वाढवा, एवढ्या डायऱ्यांवर अजून तुम्ही जुनाच दर घेत असणार, अशी माणसं तशीच असतात.

---

सातपूरकर_जुना

उशीरा आलो. थोडी भर.

धंद्याच्या मेंटरिंगला ८५ हजारातला वाटा घालायच्या आधी सातपूरच्या उद्योग भवनात एक चक्कर मारा, जिल्हा उद्योग केंद्र आहे. सरकारचं उद्योजकता विकास केंद्र, एमसीईडी, १९८८ पासून ट्रेनिंग घेतं, त्याची चौकशी करा. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि फुकट होते, गुगलवर वर वर ज्या साइट दिसतात आणि दोन-अडीच हजार मागतात त्या सरकारी नाहीत. तुमच्यासारख्याला मोठा कोर्स लागत नाही, एक वही लागते, कुठल्या प्लॉटला किती फेऱ्या आणि किती पेट्रोल आणि फी किती. मी हे आमच्या जिन्यावरच्या प्लंबरला करायला लावलं, त्याला कळलं की सिन्नरचं काम तो पदरचे घालून करतोय.

लेखनाचं म्हणाल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकाला. ती मुख्यतः ललित लेखनासाठी, तुमचं शेतीचं बसेल का ते नियमात बघून घ्या. पण या गोष्टी अशाच लिहिल्यात तर ललितच आहे की हे. आपल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा, १८४० पासून उभंय ते, शेतीच्या कपाटासमोर बसा आणि बघा कुठलं पुस्तक हाताळून मळलंय आणि कुठलं कोरं आहे. एवढं मार्केट रिसर्च पुष्कळ झालं. साहित्य संमेलन आडगावला झालं २०२१ ला तेव्हा पण मी गाळ्यांवर हेच बघत फिरलो होतो, लोक कुठलं पुस्तक उघडून उभ्या उभ्या तीन पानं वाचतायत.

आणि कुणाशीही करार केलात तर हक्क किती वर्षांसाठी आणि कुठं ते लिहून घ्या. कायद्यात असं आहे की मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. पॅकेजवाले "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं बारीक अक्षरात घालतात. तुमच्या २३ डायऱ्या त्यात जायच्या.

---

गोदाकाठची

अर्धविराम ताई, मी पण एक परिच्छेद टाकू का? मागच्या गळ्याचा.

---

अर्धविराम

टाका टाका. नवीन धागा काढा पण, इथं द्राक्षं चालू आहेत.

---

द्राक्षवाला_निफाड

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत बसत नाही, उद्या पहाटे दिंडोरीला जायचंय.

त्या मॅडमचा आज फोन आला तेव्हा विचारलं की माझी पानं कोण वाचणार, नाव सांगा. म्हणाल्या सर आमची टीम आहे. टीममधलं कोण? म्हणाल्या सर तुमच्यात लिमिटिंग बिलीफ आहे. टोकन परत मागितलं तर नॉन-रिफंडेबल. मग पावती मागितली, ती दिलेलीच नव्हती, बिल जीएसटी नंबरसकट पाठवा म्हटलं तर फोन कट झाला. यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडं, १९१५ ला लावतो उद्या. रात्रपाळी भाऊ, त्या मास्तरांच्या रविवारात जानेवारीनंतर जागा असली तर कळवा, तोपर्यंत रोज रात्री जेवणानंतर एक प्लॉट लिहितो, टीव्हीसमोर बसूनच.

बाबांचं विचारलंत ना ताई. पुढच्या मे महिन्यात त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं. गेलो तर अर्ध्या काड्या आधीच काढून टाकलेल्या, खाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले. म्हणाले बघ रे, आता वाचता येतंय का आत पेपर. आणि खरंच वेलीखाली बसून पेपर वाचत होते.